बिस्मथच्या पोटात काय आहे?

जठराच्या अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असेल, तर चार औषधांचा एक उपचार दिला जातो. त्यातले एक औषध म्हणजे बिस्मथ या धातूचा क्षार. तो घेणाऱ्याची शी काळी होते, कधी जिभेवरही काळपट थर येतो आणि माणूस घाबरून दवाखाना गाठतो. पोटात रक्तस्राव झाला की काळी शी होते, हे त्याने कुठेतरी ऐकलेले असते. बिस्मथमुळे आलेला हा काळेपणा निरुपद्रवी असतो. शरीरातल्या गंधकाशी बिस्मथचा संयोग होऊन काळे सल्फाइड तयार होते, एवढेच. रक्तस्रावाची शी डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असते. अर्थात शंका आली तर घरी तर्क करत बसू नये.

वैद्यकाशी या धातूची ओळख जुनी आहे. क्ष-किरणांचा शोध लागून वर्ष-दोन वर्षे होतात न होतात तोच अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न खाऊ घातले आणि जठराची हालचाल पडद्यावर पाहिली. 1904 मध्ये म्युनिकच्या हर्मान रीडर यांनी माणसांना बिस्मथ घातलेली लापशी देऊन जठराची चित्रे काढली. बिस्मथच्या त्या क्षारातून काहींना विषबाधा झाली, म्हणून पुढे त्याच्या जागी बेरियम आले. 'बेरियम पिऊन काढलेला फोटो' जुन्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. त्या तपासणीची सुरुवात बिस्मथने करून दिली होती.

माणसाच्या पोटात डोकावायला मदत करणाऱ्या या धातूच्या स्वतःच्या पोटात काय आहे, हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांना जवळपास शंभर वर्षे पडलेला आहे. त्याचे उत्तर शोधताना जी पद्धत विकसित झाली, ती सीटी स्कॅनच्या इतकी जवळची आहे की दोहोंच्या मागे काही ठिकाणी एकच गणित आणि एकच माणूस सापडतो. धातूचेही काप काढतात. फक्त ते करवतीने नव्हे, तर गणिताने. आणि ते काप धातूच्या तुकड्याचे नसतात, त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीचे असतात.

उजनीचे पाणी

'उजनी किती टक्के?' हा प्रश्न सोलापूरकरांना वेगळा समजावून सांगायला नको. धरणात पाणी भरते तेव्हा ते आधी सर्वांत खोल जागा गाठते आणि मग हळूहळू वर चढते. एखाद्या दिवशी पाण्याची जी पातळी असेल तिथे जमीन आणि पाणी यांच्यामध्ये एक कड दिसते. ही कड वेडीवाकडी असते, कारण खालची जमीन उंचसखल असते. मध्येच बेट उरते, बाजूला एखादे डबके सुटे पडते.

धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन असेच भरत जातात. इथे नकाशावरची जागा म्हणजे गाव किंवा शिवार नव्हे, तर इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेने आणि किती संवेगाने जातो आहे ते. जमिनीची उंची म्हणजे त्याची ऊर्जा. एका जागेवर दोनापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन बसत नाहीत, हा निसर्गाचा कडक नियम. त्यामुळे सगळे तळाशी गोळा होऊ शकत नाहीत, ते एकावर एक थर लावत वर येतात. सगळे इलेक्ट्रॉन बसून झाले की जी कड उरते तिला इटलीचे शास्त्रज्ञ एनरिको फर्मी यांच्या नावावरून 'फर्मी पृष्ठ' म्हणतात. नकाशा कागदावर असतो, इलेक्ट्रॉनांची ही जागा मात्र लांबी, रुंदी आणि खोली अशी तिन्ही बाजूंची आहे. म्हणून कडेऐवजी पृष्ठ. त्या पृष्ठाला एका सपाटीने छेद दिला की पुन्हा उजनीसारखी कड दिसते. तोच त्याचा काप.

कडेला एवढे महत्त्व का? तळाशी बसलेल्या इलेक्ट्रॉनाला हलायला जागाच नसते, कारण शेजारच्या सगळ्या जागा भरलेल्या असतात. हलू शकतात ते फक्त काठावरचे. तारेतून वीज किती सहज वाहील, चमच्याची दांडी किती लवकर तापेल, अतिथंडीत धातूचा विद्युतरोध नाहीसा होईल की नाही, हे सगळे काठावरची ही मोजकी मंडळी ठरवतात.

तांब्याच्या प्रत्येक अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. त्याचे फर्मी पृष्ठ म्हणजे जवळजवळ गोल चेंडू, पण त्याला आठ ठिकाणी मान फुटलेली. केंब्रिजचे ब्रायन पिपर्ड यांनी 1957 मध्ये तांब्याच्या मोजमापांवरून हा आकार मांडला. बिस्मथची तऱ्हा अगदीच वेगळी. त्यात साधारण एक लाख अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. एवढ्या शहरात रस्त्यावर फक्त नऊ-दहा माणसे फिरताहेत, बाकी सगळे घरात बसून आहेत, असे समजा. धरणाच्या भाषेत सांगायचे तर बिस्मथ म्हणजे मे महिन्यातली उजनी. एका नकाशात तळाशी तीन लांबट डबकी उरलेली, तर दुसऱ्या नकाशात सगळीकडे पाणी आणि मधे एक इवलेसे बेट. डबक्यातले इलेक्ट्रॉन आणि बेटावरच्या रिकाम्या जागा मिळून या धातूचा सगळा कारभार चालवतात. (गोळीतल्या बिस्मथला हे लागू नाही. तो क्षार असतो, त्यातले इलेक्ट्रॉन बांधलेले असतात आणि त्याला फर्मी पृष्ठच नसते.)

चुंबकाची सुरी

डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या या डबक्यांचा आकार कळला कसा? 1930 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेन इथे लेव शुब्निकॉव्ह आणि वांडर द हास यांनी अतिशुद्ध बिस्मथचा स्फटिक खूप थंड करून चुंबकीय क्षेत्रात ठेवला. क्षेत्र वाढवत नेले तसा त्याचा विद्युतरोध सरळ वाढण्याऐवजी वर-खाली हेलकावे घेऊ लागला. त्याच वर्षी द हास आणि पीटर व्हान आल्फेन यांना बिस्मथच्या चुंबकत्वातही असेच हेलकावे दिसले. गंमत म्हणजे लेव लँडाऊ यांनी त्याच वर्षी कागदावर हे हेलकावे भाकीत केले होते आणि ते प्रत्यक्षात दिसणे अवघड आहे, असेही सोबत लिहिले होते.

या हेलकाव्यांचा अर्थ 1952 मध्ये लार्स ऑनसागर यांनी अगदी थोडक्या शब्दांत सांगितला. चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला आहे त्या दिशेला आडवा असा फर्मी पृष्ठाचा काप घ्या. हेलकावे किती भरभर येतात, ते त्या कापाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. म्हणजे चुंबक ही सुरी झाली. स्फटिक फिरवला की कापाची दिशा बदलते. काकडी आडवी चिरली तर चकती मिळते, उभी चिरली तर लांबट फोड. वेगवेगळ्या दिशांनी चिरून नुसती क्षेत्रफळे कळली तरी आख्खी काकडी कशी असेल, याचा अंदाज बांधता येतो.

पण एका काकडीच्या शंभर चकत्या होतात, मग नेमकी कोणती मोजायची? निसर्गच ती निवडून देतो. चकत्यांचा आकार जिथे झपाट्याने बदलत असतो तिथले हेलकावे एकमेकांना छेदून नाहीसे होतात. जिथे काकडी सर्वांत जाड किंवा दोन फुगीर भागांमध्ये सर्वांत बारीक असते, तिथल्या शेजारशेजारच्या चकत्या जवळपास सारख्या असतात आणि त्यांचे हेलकावे एका सुरात उरतात. म्हणून प्रयोगात कळतो तो सर्वांत मोठा किंवा सर्वांत लहान काप. तांब्याचा सर्वांत मोठा काप बिस्मथच्या बेटाच्या लहान कापापेक्षा जवळपास नऊ हजार पट मोठा आहे. काप जितका लहान तितके हेलकावे विरळ आणि टिपायला सोपे. लायडेनच्या मंडळींच्या हाती नेमका बिस्मथ लागला, यात नशिबाचाही भाग होता. तांब्याचे हेलकावे टिपायला 1959 साल उजाडले.

मधली कथा सुखाची नाही. शुब्निकॉव्ह मायदेशी परतले आणि स्टालिनच्या राजवटीत 1937 मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढच्याच वर्षी लँडाऊ यांनाही अटक झाली. ते वर्षभराने सुटले, तेही प्योत्र कापित्सा यांनी जामीन राहण्याची हिंमत दाखवली म्हणून. केंब्रिजचे डेव्हिड शोनबर्ग त्या काळात मॉस्कोत कापित्सांच्या प्रयोगशाळेत बिस्मथवर मोजमापे करत होते. अटकेपूर्वी लँडाऊ यांनी त्यांना एक सूत्र दिले होते. त्या सूत्राच्या आधारे शोनबर्ग यांनी 1939 मध्ये बिस्मथमधल्या लांबट डबक्यांचा आकार प्रसिद्ध केला. फर्मी पृष्ठांचे आज जे जाडजूड नकाशासंग्रह आहेत त्यांचे पहिले पान तिथे लिहिले गेले, असे म्हणायला हरकत नाही.

कागदावरची कड

आता दुसरी बाजू. प्रयोगातून क्षेत्रफळ कळते, चित्र नाही. चित्र काढावे लागते संगणकावर. त्याची रीत मोजणीदाराला लगेच कळेल. धरणाच्या जमिनीवर ठरावीक अंतराने खुंट्या ठोकायच्या आणि प्रत्येक खुंटीची उंची नोंदवायची. एक खुंटी 490 मीटरवर आणि शेजारची 494 मीटरवर असेल आणि पाण्याची पातळी 491 असेल, तर कड पहिल्या खुंटीपासून पाव अंतरावर येणार. असे सगळे बिंदू शोधून जोडले की कड तयार. तिच्या आतले क्षेत्रफळ शाळेत आलेख कागदावरचे चौकोन मोजायचो तसेच मोजायचे. मग सपाटी थोडी सरकवायची, पुन्हा कड, पुन्हा क्षेत्रफळ. कुठे ते सर्वांत मोठे आणि कुठे सर्वांत लहान होते, ते शोधून प्रयोगातल्या आकड्याशी ताडून पाहायचे. हे काम करणाऱ्या संगणक प्रणाली आता कुणालाही मोफत मिळतात.

धातूत खुंटीची उंची मोजता येत नाही, ती गणिताने काढावी लागते आणि सगळा घाम तिथेच गाळावा लागतो. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, अणूंची केंद्रे त्यांना ओढतात. हा गुंता सोडवण्याची एक व्यवहार्य वाट वॉल्टर कोन यांनी 1960 च्या दशकात दाखवली आणि 1998 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. व्यवहार्य म्हणजे अचूक मात्र नव्हे.

बिस्मथमध्ये हे गणित दोन ठिकाणी फसू शकते. पहिली अडचण खुंट्यांची. तिन्ही बाजूंना वीस-वीस खुंट्या ठोकल्या तर एकूण आठ हजार होतात. तांब्याचा चेंडू त्यात ठीक दिसेल. बिस्मथची डबकी मात्र सगळ्या जागेचा जेमतेम एक लक्षांश भाग व्यापतात. आठ हजारांतली एकही खुंटी डबक्यात न पडण्याची शक्यताच जास्त. संगणक चित्र काढेल आणि त्यात डबके नसेल. डबक्यांमध्ये मिळून शंभर खुंट्या पडायच्या असतील तर एक कोटी खुंट्या लागतात. क्ष-किरण विभागात काम करणाऱ्यांना हे लगेच ओळखीचे वाटेल. दहा मिलिमीटर जाडीच्या कापात तीन मिलिमीटरची गाठ आजूबाजूच्या फुप्फुसात मिसळून फिकी होते आणि अहवालावर 'काही आढळले नाही' असे लिहिले जाते. फिल्म स्वच्छ असते, पण त्यामुळे गाठ नाहीशी होत नाही.

दुसरी अडचण पातळीची. अशा गणितात ऊर्जेची चूक एक-दशांश इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत सहज असू शकते. तांब्यात पाण्याची खोलीच सात इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्यामुळे तिथे हे खपून जाते. बिस्मथच्या डबक्यांची खोली मात्र तीन-शतांशाच्या आत. म्हणजे खोलीपेक्षा चूक मोठी. हिशेब जरा इकडचा तिकडे झाला तर डबके फुगून तळे होते किंवा आटून जाते. म्हणून काढलेला काप मोजलेल्या कापाशी जुळेपर्यंत कोणताही शहाणा संशोधक त्यावर विश्वास ठेवत नाही.

एकाचा दोष, दुसऱ्याची बातमी

फर्मी पृष्ठाचे काप काढण्याची आणखी एक वाट थेट रुग्णालयातून जाते. कर्करोगाच्या तपासणीतला पेट स्कॅन अनेकांना ऐकून माहीत असतो. शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी द्रव्यातून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, जवळच्या इलेक्ट्रॉनाला भेटतो आणि दोघे नष्ट होऊन दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. यंत्राच्या कड्यावर ते दोन्ही टिपले की गाठ त्या रेषेवर कुठेतरी आहे, हे कळते. पण किरण अगदी समोरासमोर जात नाहीत. इलेक्ट्रॉनाला स्वतःची गती असल्यामुळे पाव अंशाएवढा फरक पडतो. 80 सेंटिमीटर व्यासाच्या कड्यात त्यामुळे चित्र पावणेदोन मिलिमीटरपर्यंत पुसट होते. डॉक्टरांच्या दृष्टीने हा दोष. धातूच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र सगळी बातमी त्या पाव अंशातच असते, कारण तो फरक इलेक्ट्रॉनाचा संवेग सांगतो. धातूच्या स्फटिकात पॉझिट्रॉन सोडून हे कोन वेगवेगळ्या दिशांनी मोजले की इलेक्ट्रॉनांच्या गर्दीच्या सावल्या मिळतात.

सावल्यांवरून आतला काप कसा उभा करायचा, हे गणित अ‍ॅलन कॉर्मॅक यांचे. ते केपटाउनच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचे अध्यापक होते आणि 1956 मध्ये तिथल्या ग्रोट शूर रुग्णालयात काही काळ अर्धवेळ काम पाहत होते. आधीचा भौतिकशास्त्रज्ञ सोडून गेला होता आणि किरणोत्सारी द्रव्यांवर देखरेख ठेवायला कायद्याने कुणीतरी हवे होते. किरणोपचाराचे हिशेब पाहताना शरीराच्या आतला भाग बाहेरून मोजून कसा कळेल, हा प्रश्न त्यांना पडला. 1963 आणि 1964 मध्ये त्यांनी उत्तर छापले. दखल जवळपास कुणीच घेतली नाही. निबंधाची प्रत मागवणाऱ्या मोजक्यांमध्ये हिमस्खलनाचा अभ्यास करणारी एक स्विस संस्था होती. पुढे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी स्वतंत्रपणे यंत्र बांधले, ऑक्टोबर 1971 मध्ये लंडनजवळच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा काप निघाला आणि 1979 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल दोघांना मिळाले. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता. कॉर्मॅक यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आज पॉझिट्रॉनच्या सावल्यांवरून फर्मी पृष्ठाचे काप काढण्यासाठीही वापरतात.

मुंबईतली थंडी

या सगळ्याचा सामान्य माणसाला उपयोग काय, असा प्रश्न येणारच. एमआरआय यंत्राचे पोट म्हणजे नायोबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची वेटोळी. त्यांचा विद्युतरोध शून्य व्हावा म्हणून ती उणे 269 अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवतात. हेलियम आपल्याला परदेशातून आणावे लागते आणि यंत्राच्या खर्चात त्याचा वाटा मोठा असतो. जरा कमी थंडीत काम करणारा, तारा ओढता येतील असा स्वस्त पदार्थ मिळाला तर तालुक्याच्या ठिकाणीही एमआरआय परवडेल. कोणता पदार्थ अतिवाहक होईल, हे समजून घ्यायचे तर सुरुवात त्याच्या फर्मी पृष्ठापासून करावी लागते.

इथे उतावळेपणा नडतो. 2023 च्या उन्हाळ्यात कोरियातल्या एका चमूने एलके-99 नावाचा पदार्थ खोलीच्या तापमानाला अतिवाहक असल्याचा दावा केला. संगणकावर काढलेल्या ऊर्जेच्या आलेखांत आशादायक खुणा दिसल्या आणि मोबाइलवर संदेश धावू लागले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने तो पदार्थ तयार करून तपासला, तेव्हा अतिवाहकता आढळली नाही. इतरत्रही तेच झाले. काही आठवड्यांत विषय संपला.

याउलट उदाहरण सिद्धेश्वर एक्स्प्रेसने एका रात्रीत गाठता येणाऱ्या मुंबईत आहे. बिस्मथ अतिवाहक होतो का, याचा शोध जगात अनेकांनी घेतला होता. निरपेक्ष शून्याच्या वर एक-शतांश अंशापर्यंत जाऊनही काही हाती लागले नव्हते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. थमिळवेल आणि एस. रामकृष्णन यांनी 99.9999 टक्के शुद्ध बिस्मथचे स्फटिक त्याहूनही कितीतरी खाली नेले. 0.00053 केल्व्हिनला बिस्मथचा सूर बदलला. तो अतिवाहक झाला. हा निबंध 'सायन्स' नियतकालिकात डिसेंबर 2016 मध्ये आधी ऑनलाइन आणि नंतर जानेवारी 2017 च्या अंकात छापील स्वरूपात आला. ही अवस्था इतकी नाजूक की 5.2 मायक्रोटेस्लाचे चुंबकीय क्षेत्र तिला मोडून टाकते. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र याच्या कितीतरी पट आहे.

यातून एमआरआय स्वस्त होणार नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. महत्त्व दुसऱ्या कारणासाठी आहे. अतिवाहकतेचा 1957 पासून चालत आलेला सिद्धांत असे धरून चालतो की इलेक्ट्रॉन चपळ असतात आणि स्फटिकाची थरथर त्यामानाने मंद. तांबे, शिसे, पारा यांच्या भल्या मोठ्या फर्मी पृष्ठांत हे गृहीतक चालून जाते. बिस्मथच्या बेटाची ऊर्जा एक-शतांश इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, आणि स्फटिकाच्या थरथरीची ऊर्जाही जवळपास तेवढीच. चपळ कोण आणि मंद कोण, हेच तिथे ठरत नाही. शिवाय लाख अणूंमागे एक इलेक्ट्रॉन, त्यांनी जोड्या जमवायच्या तरी कशा? मुंबईच्या चमूने आपल्या निबंधात स्पष्ट लिहिले आहे की प्रचलित सिद्धांताने याचे स्पष्टीकरण देता येत नाही आणि अशा धातूंसाठी नवा सिद्धांत लागेल.